कुत्र्याला नव्हे, पिसवांना घराबाहेर काढा



जुलै महिन्यातल्या एका रविवारी मिस्साबलिदान आटोपल्यावर एक माउली आपल्या लहान मुलाचा हात धरून माझ्याकडे आली. मुलाच्या घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर लाल लाल पुरळ उठले होते व खाजवून त्यांच्या जखमा झाल्या होत्या. घरच्यांना आधी वाटले, डास असतील. मग वाटले, ढेकूण. कोणी म्हणाले, खरूज. मी विचारले, "घरात कुत्रा-मांजर आहे का?" तशी तिचे डोळे भरून आले.

"फादर, कुत्रा आहे. त्याचाच निकाल लावायचा म्हणतात सगळे. मुलाचे वडील म्हणतात, खाडीपलीकडे सोडून येतो. आणि दीर म्हणतो, उसावर फवारायचे औषध घरात पडले आहे, तेच पाण्यात घालून त्याच्या अंगावर ओतू."

मी म्हणालो, "यातले काहीच करू नका. संध्याकाळी मी घरी येतो."

त्या घरी जे पाहिले व जे करायला सांगितले, ते आज या पानावर सर्वांसाठी लिहीत आहे. पावसाळ्यात अशी तक्रार घेऊन येणारे ते एकच घर नव्हते. आपल्या पर्वत पाटियात आता मार्केट आणि सोसायट्या झाल्या, तरी आपल्या धर्मग्रामातली पुष्कळ कुटुंबे अजून शेतीवर आहेत. कोणाची जमीन नवापूर-नंदुरबारकडे आहे, तर कोणी कामरेज-पलसाण्याच्या बाजूला उसाच्या मळ्यात राबतात. त्यामुळे घरात कुत्रा, दाराशी शेळी आणि कोपऱ्यात गोणपाटांची चळत हे चित्र आपल्याकडे नेहमीचे आहे. त्यात खाडीचे पाणी चढले की जनावरे माणसांबरोबर घरात येतात आणि दमट हवा महिनाभर हटत नाही. पिसवांना याहून चांगले दिवस कोणते?

आधी शत्रू ओळखा

पिसू ही गोचीड नव्हे. गोचीड कातडीला चिकटून बसते व रक्त पिऊन फुगते. पिसू जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी असते. तिला पंख नाहीत, पण ती वीतभर उंच उडी मारते. म्हणूनच तिचे चावे बहुधा पायाच्या घोट्याभोवती व पोटरीवर असतात.

घरात पिसवा आहेत की नाहीत, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पांढरे ओले फडके जमिनीवर पसरावे व कुत्र्याला त्यावर उभा करून शेपटीच्या मुळाशी व पाठीवर बारीक दातांची फणी फिरवावी. काळे काळे कण पडतील. ते ओल्या फडक्यावर हळूहळू तांबडे झाले, तर ती माती नसून पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे जनावराचे पचलेले रक्तच. त्या संध्याकाळी आम्ही हे केले तेव्हा पाच मिनिटांत फडके ठिपक्याठिपक्यांनी तांबडे झाले. तो तरुण दीर गप्प होऊन पाहत राहिला.

माझीच फजिती

इथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आवारातल्या कुत्र्याला पिसवा झाल्या. मी त्याला साबणाने न्हाऊ घातले, दोन दिवस बरे गेले. पुन्हा पिसवा दिसल्या, पुन्हा न्हाऊ घातले. मग मी वार्षिक आध्यात्मिक साधनेला गेलो आणि सुट्टी धरून तीन आठवडे खोली बंद राहिली. वाटले, इतके दिवस ना कुत्रा, ना माणूस. पिसवा उपाशी मरून गेल्या असतील. परत येऊन दार उघडले, चार पावले टाकली, तोच माझ्या पांढऱ्या झग्याच्या घेरावर काळे ठिपके नाचू लागले!

असे का झाले, ते नंतर एका पशुवैद्याने समजावले. अंगावर दिसणारी पिसू ही तिच्या संसाराचा अगदी लहान भाग असते. मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती अंडी केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथे बसतो-झोपतो तिथे गळून पडतात. दोन ते सहा दिवसांत त्यांतून बारीक अळ्या निघतात. अळ्यांना उजेड नको असतो. त्या फरशीच्या भेगेत, खाटेखाली, गोणपाटाच्या विणीत शिरतात आणि तिथे पडलेली विष्ठा खाऊन वाढतात. मग अळी आपल्याभोवती कोश विणते. त्या चिकट कोशावर धूळ-माती बसते, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि औषधही आत पोचत नाही. कोशातली पिसू तयार होऊन कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, वाट पाहत राहते. पावलांचा धक्का, अंगाची ऊब आणि श्वास जाणवला की ती बाहेर उडी मारते. माझ्या बंद खोलीत हेच झाले होते. तीन आठवड्यांच्या भुकेल्या पाहुण्या माझीच वाट पाहत होत्या.

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली ही की, पिसवांचे खरे घर कुत्रा नव्हे, आपली जमीन आणि अंथरूण होय. कुत्रा खाडीपलीकडे सोडला तरी अंडी, अळ्या आणि कोश घरातच राहतात, आणि कुत्रा नसल्यावर त्या पिसवा मुलाबाळांनाच अधिक चावतात. दुसरी ही की, हे एका दिवसाचे काम नव्हे. आपला उपवासकाळ चाळीस दिवसांचा असतो. भस्माच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत जेवढे दिवस, तेवढे तरी नेमाने काम करावे लागते, आणि वर आणखी दोन-तीन आठवडे. मधेच थांबलात तर कोशातल्या पिसवा पुन्हा संसार थाटतात.

काय करावे

१. सर्व जनावरांवर एकाच दिवशी उपचार करावा. एका कुत्र्याला औषध लावले आणि मांजर तशीच ठेवली, तर उपयोग नाही. साध्या साबणाने आंघोळ घालावी. आधी मानेभोवती फेस करावा, नाही तर पिसवा डोक्याकडे व कानांकडे पळतात. नंतर रोज फणी फिरवावी व फणीतल्या पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात झटकाव्यात. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते.

२. जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध घ्यावे. मानेमागे कातडीवर टाकायचे थेंब किंवा पोटात द्यायच्या गोळ्या मिळतात. जनावराचे वजन, वय आणि ते गाभण आहे का, हे डॉक्टरांना सांगावे. औषध सांगितलेल्या मुदतीने किमान तीन महिने द्यावे. पहिल्या डोसाने आराम पडला म्हणून थांबू नये.

३. कुत्र्याला झोपायला एकच जागा ठरवून द्यावी आणि तिथे धुता येईल असे गोणपाट किंवा जुनी गोधडी घालावी. म्हणजे बरीचशी अंडी त्या एका अंथरुणात पडतील. ते अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवावे व कडक उन्हात वाळवावे. शनिवारी धुण्याचा नेम केला तर विसर पडणार नाही. मुलांच्या चादरी व वाकळाही त्याच दिवशी धुवाव्यात.

४. घर रोज झाडावे. खाटेखाली, कपाटामागे, जिन्याखाली, भिंतीच्या कडेने आणि फरशीच्या भेगांतून केरसुणी फिरली पाहिजे. केर दाराशी न टाकता पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यावा. ज्यांच्याकडे विजेवर केर ओढणारे यंत्र आहे त्यांनी ते वापरावे व त्याची पिशवी लगेच रिकामी करावी. मातीची जमीन असेल तर भेगा बुजवाव्यात आणि सारवण पूर्ण सुकू द्यावे.

५. ऊन आणि वारा आत येऊ द्यावा. अळीला दमटपणा लागतो. कोरड्या जागी व कडक उन्हात ती जगत नाही. पावसाने उघडीप दिली की गोणपाट, गाद्या, सतरंज्या बाहेर काढाव्यात. अंगणातल्या सावलीतला पालापाचोळा व जुन्या पोत्यांचे ढीग हलवावेत.

६. रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचे पाणी ठेवावे व तिच्यावर लहान दिवा लावावा. उजेडाकडे व उबेकडे पिसवा उडी मारतात आणि पाण्यात पडतात. एवढ्याने पिसवा संपणार नाहीत, पण किती उरल्या याचा अंदाज सकाळी मिळतो. त्या घरातल्या मोठ्या मुलीने हे काम अंगावर घेतले. रोज सकाळी ती ताटलीतल्या पिसवा मोजून कॅलेंडरवर आकडा लिहीत असे.

७. एवढे करूनही पिसवा फार असतील, तर घरगुती वापरासाठी परवाना असलेले औषधच मारावे. मुले, म्हातारी माणसे आणि जनावरे बाहेर ठेवावीत, अन्न व पाणी झाकावे आणि जमीन वाळल्यावरच आत यावे. कोशांना औषध लागत नसल्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारावे लागते.

शेतातले औषध घरात आणू नका

आता त्या दिराच्या बाटलीविषयी. आपल्या शेतकरी घरांत फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली असतेच, आणि किडा मरतो तर पिसूही मरेल असे वाटणे साहजिक आहे. पिसू मरेलही. पण कुत्रा आपले अंग चाटतो, मूल कुत्र्याच्या गळ्यात पडते, आणि ओतणाऱ्याच्या हातांतून ते विष त्याच्याही अंगात जाते. काही औषधांचे नाव एकच असते. उदाहरणार्थ, फिप्रोनील शेतातही वापरतात आणि कुत्र्याच्या थेंबांतही असते. पण दोन्हींचे प्रमाण व मिश्रण वेगळे असते. नाव सारखे म्हणून शेतातली बाटली जनावरावर रिकामी करू नये.

मांजराबाबत अधिक सावध राहावे. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रीन असते. ते कुत्र्याला सोसते, मांजराला मात्र झटके येऊन ती मरते. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. फिनाइलसुद्धा मांजराला विषारी असते. रॉकेलने कातडी भाजते व चाटल्यास फुप्फुसाला इजा होते. डांबराच्या गोळ्यांची पूड अंगाला चोळणेही घातक. जुन्या लोकांना गॅमेक्सीनची पावडर आठवत असेल. तिच्यातल्या बीएचसी या विषावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा राहिला असेल, तर तो उघडू नये. कडुलिंबाचा पाला अंथरुणाखाली ठेवायला हरकत नाही, पण त्याच्याच भरवशावर राहू नये.

चुकून विष लागलेच आणि जनावराची लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले किंवा झटके आले, तर डॉक्टरांना ताबडतोब गाठावे. जनावर शुद्धीवर असेल तर अंगावरचे विष भरपूर पाण्याने व साबणाने धुवावे, मात्र स्वतःच्या हातांना पिशवी बांधून. औषधाची बाटली बरोबर न्यावी.

करडे, वासरे आणि मुले

पिसवा शेळ्यांच्या गोठ्यातही होतात. मोठी शेळी खाजवत राहते, दूध आटते. पण लहान करडांचे व कुत्र्याच्या पिलांचे रक्तच इतके कमी होते की ती उभी राहू शकत नाहीत. खालचा ओठ वळून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी असाव्यात, त्या पांढऱ्या दिसल्या तर उशीर करू नये. वासरांचीही अशीच पाहणी करावी. गोठ्यातली ओली लेंडी व कुजका चारा काढून जमीन कोरडी ठेवणे हा पहिला इलाज. दुभत्या जनावराला कोणतेही औषध लावण्याआधी, दूध किती दिवस पिऊ नये व विकू नये हे डॉक्टरांना विचारावे. कुत्र्याचे औषध शेळीला लावू नये.

मुलांच्या चाव्यांना साबण-पाण्याने धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी व नखे कापावीत. खाजवून पू झाला, तर डॉक्टरांना दाखवावे. कुत्र्याच्या पोटातल्या एका चपट्या जंताची अंडीही पिसूच्या पोटात वाढतात. खेळता खेळता मुलाने पिसू गिळली तर तो जंत मुलालाही होतो. मुलाच्या शौचात किंवा कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर दोघांनाही जंताचे औषध द्यावे लागते, प्रत्येकाला आपापल्या डॉक्टरांकडून. पिसवांच्या घरात कोणाला जोराचा ताप, डोकेदुखी व अंगावर पुरळ आले, तर घरात पिसवा आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पिसवांमुळे होणारे तापही आहेत, आणि त्यांच्यावर चांगली औषधे आहेत.

उंदरांची पिसू आणि आपले सुरत

सुरतेत राहून पिसवांविषयी लिहायचे आणि १९९४ साल आठवायचे नाही, हे होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून आरोग्य खात्याकडे तक्रार आली, ती घरात पिसवा फार झाल्याची. मग उंदीर मरू लागले, आणि त्यानंतर माणसांच्या काखेत व जांघेत गाठी आल्या. प्लेगच्या आधी पिसवांनी वर्दी दिली होती. सप्टेंबरात, तापीच्या पुरानंतर, सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्यात खानदेशातले आपले कितीतरी बांधव होते. सुरतेतला प्लेग फुप्फुसाचा होता. तो श्वासातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याला पिसू लागत नाही. पण घाण, पूर, उंदीर आणि पिसू यांची सोबत जुनी आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि शहराने झाडू हाती घेतला. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिले आले.

त्याच्याही आधी, १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आल्याचे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या आपल्या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी. तो रोग उंदरावरून माणसावर पिसू नेते, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले. बरीच वर्षे त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. कुत्र्याच्या अंगावरची पिसू आणि प्लेगची उंदरावरची पिसू या वेगळ्या जाती आहेत. कुत्र्याला पिसवा झाल्या म्हणून प्लेगची भीती बाळगू नये. पण ज्या घरात वा उसाच्या मळ्यात उंदीर फार आहेत, तिथे एक क्रम पाळावा. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे उबदार अंग शोधतात. ते अंग आपले असू शकते. मेलेला उंदीर हाताने उचलू नये. चिमट्याने उचलून पिशवीत बांधावा व खोल पुरावा. कारण न कळता एकामागून एक उंदीर मरताना दिसले, तर त्याच दिवशी महानगरपालिकेच्या किंवा गावाच्या आरोग्य केंद्राला कळवावे. शेजारी काय म्हणतील याची लाज धरू नये.

मुक्या सोबत्याची आठवण

आपल्या पवित्र शास्त्रातल्या तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही चालतो. ग्रंथकाराला त्याचा उल्लेख गाळता आला असता, पण त्याने तो गाळला नाही. नीतिसूत्रांच्या ग्रंथातही नीतिमानाची ओळख सांगताना त्याच्या जनावराची आठवण ठेवली आहे. गेल्या महिन्यात, १६ ऑगस्टला, संत रॉक यांचा सण झाला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करणाऱ्या या संताला स्वतःलाच तो रोग झाला तेव्हा एक कुत्रा त्यांना भाकरी आणून देई, अशी परंपरा सांगते. म्हणूनच त्यांच्या प्रतिमेत पायाशी कुत्रा असतो. प्लेगचा संत आणि त्याच्या पायाशी कुत्रा, हे चित्र ज्या माउलीचे घर कुत्र्याला हाकलायला निघाले होते तिला मी दाखवले. ती नुसती हसली.

त्या घरात आता काय आहे? पहिले दोन आठवडे ताटलीतला आकडा कमी होण्याऐवजी वाढला. घरातले वैतागले. दीर म्हणाला, "फादर, तुमचा उपाय काही चालत नाही." मी सांगितले की कोश फुटत आहेत, म्हणजे शत्रू बिळातून बाहेर येत आहे, आता हात आखडू नका. चौथ्या आठवड्यापासून आकडा उतरला. मागच्या रविवारी मुलीने कॅलेंडर आणून दाखवले. शेवटच्या नऊ दिवसांपुढे शून्य होते. मुलाच्या पायांवर फक्त जुने डाग उरले आहेत. कुत्र्याचे गोणपाट अजून दर शनिवारी उकळते, आणि ते काम आता दीर करतो. ती बाटली त्याने घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवली आहे.

येत्या ४ ऑक्टोबरला, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणादिवशी, संध्याकाळी आपल्या चर्चच्या आवारात जनावरांना आशीर्वाद देण्यात येईल. कुत्री, मांजरे, शेळ्या, ज्यांना शक्य असेल त्यांनी दोरी बांधून आणावीत. फक्त एक विनंती, आदल्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून फणी फिरवून आणावे. माझा झगा पांढरा आहे, हे आपण जाणताच.

प्रभू आपल्या घरादाराचे, गोठ्यांचे व मुलाबाळांचे रक्षण करो.

आपला,
धर्मगुरू